अकाउंट्समध्ये २१ तारखेनंतर कंटाळा येतो? मग या चुका टाळा

७ तारखेला टीडीएस (कापलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १५ ला पीएफ, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न. तोवर मान वर करायला फुरसत नसते. २१ ला मात्र दुपारी जेवून आल्यावर घड्याळ पुढे सरकत नाही. नवी पोरं घसरतात ती इथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कुणी मागे लागत नाही ते कामच नाही, असं धरून बसणं. आमच्याकडे एक मुलगा होता, कीबोर्डकडे न बघता टॅली सॉफ्टवेअरमध्ये एंट्र्या मारायचा. एका सप्लायरने मार्चचं बिल चुकून बी२सी मध्ये (जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) दाखवलं, म्हणून ते आमच्या २बी मध्ये, म्हणजे सप्लायरांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या आमच्या क्रेडिटच्या यादीत, आलंच नाही. एप्रिलमध्ये यादी काढून त्याच्या हातात दिली : फोन कर, पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करून घे. ‘सर, सॉफ्टवेअर मॅच करतंच की.’ करत होतं ना! दर महिन्याला ती ओळ लाल दाखवत होतं. सप्लायरला फोन काही सॉफ्टवेअर लावत नाही. दर २१ तारखेनंतर हा ‘बोअर होतंय’ म्हणत रील बघत बसलेला. मागच्या वर्षाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं) घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर. ती गेली आणि ५२ हजारांचं क्रेडिट कायमचं बुडालं. शेठ तेव्हा काही बोलले नाहीत. पगारवाढीच्या वेळी बोलले.

म्हणून माझ्या वहीचं शेवटचं पान फोनच्या कामांसाठी राखीव. कुणाला, कशासाठी, कोणतं बिल. जेवणानंतर डोळे मिटायला लागले की त्यातले दोन फोन लावायचे. बोलताना झोप येत नाही.

दुसरं, सस्पेन्स खातं, म्हणजे कशाची ते न कळलेली रक्कम तात्पुरती ठेवायची जागा. ‘नंतर बघू’ म्हणून तिथे ढकललेल्या ५९० रुपयांकडे नीट बघा : ५०० बँकेचे चार्जेस, ९० त्यावरचा १८ टक्के जीएसटी. रिकाम्या तासात अशा डझनभर नोंदी निघतात.

कोर्स विकत घेऊन कंटाळा जात नाही. ज्याला डेबिट नोट कुणी कुणाला द्यायची हे विचारावं लागतं, त्याने पॉवर बीआयसारखं डेटाचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर शिकायची घाई करू नये.

चहाला जा, पण एकदाच.

आणि वेळ आहे म्हणून जुन्या लेजरांची (खात्यांची) नावं बदलत, ग्रुप हलवत बसू नका. ऑडिटर आले की तुम्हालाच शोधतात.