जुनं 'मॉडेल १९' घेण्याआधी काय काय तपासावं

स्मिथ अँड वेसन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं 'कॉम्बॅट मॅग्नम' रिव्हॉल्व्हर अमेरिकेत १९५५ साली बाजारात आलं आणि १९५७ पासून त्यावर 'मॉडेल १९' असा ठसा पडू लागला. जोरदार पॉइंट ३५७ मॅग्नम काडतूस, पण फ्रेम मध्यम आकाराची, कमरेला दिवसभर बाळगता येईल अशी. १९९९ मध्ये कंपनीने ते बंद केलं. पुढे नव्या घडणीत परत आणलं, पण संग्राहक शोधतात ते जुनंच.

भाव ठरवताना एक गोष्ट पक्की धरा: बिघडलेलं टायमिंग (काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरचं घर वेळेवर नळीसमोर न येणं) चांगला कारागीर दुरुस्त करतो, पण पॉलिश करताना घासून गेलेल्या कडा कोणालाही परत आणता येत नाहीत. म्हणून आधी मूळपण बघायचं, मग यंत्र.

हातात घेतल्याबरोबर नळी सुरक्षित दिशेला ठेवून लॅच (सिलिंडर सोडवणारी कळ) पुढे ढकला, सिलिंडर डावीकडे उघडा आणि सहाही घरं रिकामी आहेत हे नजरेने आणि बोटाने तपासा. विकणाऱ्याने 'रिकामं आहे' म्हटलं तरी हे करायचंच. चाप ओढून बघायचा असेल तर आधी विचारा. आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने कधीही बंद करू नका; सिलिंडर ज्या योकवर फिरतो तो त्याने वाकतो.

सिलिंडर उघडाच असताना योकच्या खाचेत बघा. तिथे मॉडेल क्रमांक आणि पुढे डॅश दिसेल. त्यावरून काळ कळतो: १९-१ म्हणजे १९५९, १९-२ म्हणजे १९६१, १९-३ म्हणजे १९६७, १९-४ म्हणजे १९७७ आणि १९-५ म्हणजे १९८२. डॅश नसेल तर १९५९ च्या आधीचं, ते जास्त हवंहवंसं. बऱ्याच जुन्या नगांच्या योकवर आणखी एक आकडा असतो, तो कारखान्यातल्या जुळणीचा. त्याला सिरीयल समजून लोक फसतात. खरा सिरीयल मुठीच्या तळाला असतो. मोठी टार्गेट ग्रिप तो झाकते, तेव्हा स्क्रू काढून बघण्याची परवानगी मागा. नाही म्हणाले तर भाव त्याच हिशेबाने कमी करा.

१९-४ पर्यंतच्या नगांत नळी फ्रेममधून आडव्या गेलेल्या छोट्या पिनने अडकवलेली असते आणि काडतुसाची कड सिलिंडरच्या मागच्या खोबणीत पूर्ण बुडते. १९८२ पासून कंपनीने दोन्ही सोडून दिलं. जुन्या डॅशच्या नगावर पिन दिसत नसेल, तर नळी बदललेली असल्याची दाट शक्यता.

आता पॉलिश. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच देखणं दिसतं, म्हणून उजेडात या. कंपनीच्या मूळ ब्लूइंगमध्ये (पोलादावरच्या निळसर-काळ्या रंगात) कडा धारदार असतात, अक्षरं खोल आणि स्वच्छ असतात आणि उजव्या बाजूच्या साइडप्लेटचा (आतलं यंत्र झाकणाऱ्या पट्टीचा) सांधा जवळजवळ दिसत नाही. पुन्हा रंगवलेल्या नगावर स्क्रूच्या भोकांभोवती उथळ खळगा पडलेला असतो आणि 'स्मिथ अँड वेसन'ची अक्षरं पुसट झालेली असतात. सगळ्यात बोलका पुरावा हॅमर (घोडा) आणि चाप. कारखान्यातून ते करड्या-तपकिरी छटांचे, डागाडागांचे येतात. तेही फ्रेमसारखे निळे किंवा निकेल चढवलेले दिसले, तर कोणीतरी सगळं एकदम बुडवून काढलंय असं समजा. सिरीयलजवळ छोटा तारा असेल तर नग दुरुस्तीला कंपनीकडेच परत गेला होता. हे काम चांगलं असतं, तरी संग्राहक त्याला मूळ धरत नाही. पुन्हा पॉलिश केलेल्या साध्या नगाचा भाव बऱ्याचदा मूळ नगाच्या निम्म्यावर येतो. उलट, नळीच्या टोकाशी होल्स्टरने घासून गेलेला निळा रंग आणि सिलिंडरवरची फिरण्याची रेघ ही प्रामाणिक झीज आहे. तिला घाबरू नका.

स्क्रूंच्या खाचा नीट बघा. कडा फाटलेल्या असतील तर कोणी साध्या पेचकसाने आत हात घातला आहे.

यंत्र तपासायला सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे नळीचं मागचं टोक, फोर्सिंग कोन. सिलिंडर उघडून टॉर्चने बघा. योकला जागा मिळावी म्हणून के-फ्रेमच्या (कंपनीच्या याच मध्यम आकाराच्या फ्रेमच्या) नळीचा खालचा भाग सपाट कापलेला असतो. तिथे धातू पातळ होतो आणि घड्याळातल्या सहाच्या जागी तडा जातो. १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या भरपूर झाडलेल्या नगांत हे जास्त आढळतं. केसाएवढा तडा असला तरी व्यवहार सोडा, कारण योग्य नळी मिळणं अवघड आहे. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर गॅसने कोरलेली बारीक रेघ मात्र चालते. ती थोडी खोल जाऊन थांबते.

परवानगी असेल तर सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण अडकण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत बसल्याचा आवाज यायला हवा. सहाही घरांना हे करा, कारण दोष बहुधा एखाद्याच घरात असतो. नंतर ओढलेल्या हॅमरला अंगठ्याने पुढे बेताचा दाब द्या, चापाला हात न लावता. तो सुटून पडला तर आतला सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) बिघडवलेला आहे. हे धोकादायक.

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सोबत न्या. सिलिंडर मागे दाबून नळीशी असलेली फट मोजा, मग पुढे दाबून पुन्हा मोजा. मागे दाबल्यावर ०.००४ ते ०.०१० इंच ठीक. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची लांबीतली ढिलाई. ती ०.००३ इंचाच्या वर गेली तर बारीक वॉशर घालून सुधारता येते, पण खर्च भावातून वळता करा. सिलिंडर उघडताना अडकत असेल तर आधी एक्स्ट्रॅक्टर रॉड (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा) सैल झालाय का बघा. १९-१ पासून त्याचा आटा उलटा आहे, सवयीने फिरवाल तर आणखी सुटेल.

नळीतून उजेडाकडे बघताना काळं कडं दिसलं तर नळी फुगली आहे. असा नग नको. घरांमधलं गोल कडं बहुधा आखूड पॉइंट ३८ स्पेशल काडतुसांमुळे साठलेली काजळी असते, ती ब्रशने निघते.

मग येतो भावात भर घालणारा ऐवज. अडीच इंची नळी चार आणि सहा इंचींपेक्षा कमी मिळते. १९६८ पर्यंतच्या ग्रिपमध्ये स्क्रूभोवती पत्त्यांतल्या चौकटसारखा हिऱ्याच्या आकाराचा लाकडी भाग असे. ती नगावर असेल तर तिचेच चांगले पैसे येतात. तोच सिरीयल लिहिलेला मूळ डबा, कागद आणि साफसफाईची हत्यारं असतील तर आणखी उत्तम. सिरीयल न जुळणारा डबा म्हणजे नुसता पुठ्ठा. शंका असल्यास स्मिथ अँड वेसनच्या ऐतिहासिक नोंदींवरून मूळ पाठवणीचं पत्र मागवता येतं. भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका. ऑनलाइन लिलावांत प्रत्यक्ष विकलेल्या, त्याच डॅशच्या आणि त्याच नळीच्या नगांचे आकडे जुळवा.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी पैसे देण्याआधी स्वतःचा व्हिसा बघावा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर राज्याच्या वैध शिकारी परवान्यासारखी मोजकी सूट असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. पन्नास वर्षांहून जुन्या नगांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो. तो नसेल तर दुसऱ्या राज्यातून घेतलेलं रिव्हॉल्व्हर तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हातात येतं. त्याची फी एकूण किमतीत धरा. सामानात घालून भारतात न्यायचा विचारही नको. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा ठरतं.