म्हाताऱ्या माणसाचं पोर्ट्रेट बघताना चेहरा शेवटी बघा

पोर्ट्रेट समोर आलं की आपण चेहरा बघून लगेच ठरवून मोकळे होतो, करारी आहे, दुःखी आहे, फार सोसलंय बिचाऱ्याने. थांबा जरा. सुरकुत्या सगळ्याच म्हाताऱ्यांना असतात. आधी उजेड कुठून येतोय ते शोधा, नाकाची सावली कुठे पडलीय, कुठला डोळा अंधारात गेलाय, काय दाखवायचं आणि काय झाकायचं ते चित्रकार तिथेच ठरवतो.

मग हात. मी सगळ्यात जास्त वेळ हातांवर घालवते. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी पणजोबांचं ऑइल पेंटिंग होतं, लाल पगडी, जरीचं उपरणं, चेहरा इतका कडक की लहानपणी त्या खोलीत एकटीने जायची भीती वाटायची. कॉलेजात असताना एकदा स्टुलावर चढून बघितलं, तर जरीची एकेक रेघ मन लावून काढलेली आणि मांडीवरच्या हाताला नखंच नाहीत, नुसता तपकिरी रंग फिरवलेला. आजीला विचारलं तर म्हणाली, ते गेल्यावर फोटोवरून काढून घेतलं आणि फोटो छातीपर्यंतचाच होता. म्हणजे तो कडकपणा बराचसा कॅमेऱ्यासमोर न हलता बसल्याचा असणार, स्वभावाचा नाही!

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६६९ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःचं पोर्ट्रेट केलं आणि त्याच वर्षी तो गेला. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, मोबाईलवर झूम करून बघा. त्यात हात नुसते जुळवलेले दिसतात, पण एक्स-रेमध्ये कळलं की आधी हातात ब्रश होता. तो त्याने का पुसला असेल, यावर मला वाटतं चेहऱ्यापेक्षा जास्त विचार करावा.

रंगांवरून घाईने अर्थ लावू नका. जुनं वार्निश पिवळं पडतं, पांढरं धोतर मळकट दिसतं, निळा हिरवट होतो, त्याला उदास मूड समजू नका. आणि घरचं चित्र असेल तर ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, प्लीज. सही, तारीख बघा, चित्र उलटं करून मागची बाजूपण बघा.

आता डोळे. पणजोबा आमच्याकडे बघतच नाहीत, किंचित डावीकडे बघतायत, बहुतेक फोटोवाल्याने बोट दाखवलं असेल तिथे.