रेडिओलॉजीचा रिपोर्ट: इम्प्रेशनमध्ये उत्तर हवं

रेडिओलॉजीत नव्याने आलेल्या रेसिडेन्टचा सगळा जीव फाइंडिंग्जमध्ये, म्हणजे स्कॅनमध्ये काय काय दिसलं त्या नोंदींमध्ये असतो. लिव्हर, स्प्लीन, किडन्या ओळीने लिहून झाल्या की रिपोर्ट संपला असं वाटतं. पण मध्यरात्री कॅज्युअल्टीत उभा असलेला सर्जन आधी इम्प्रेशन, म्हणजे रिपोर्टच्या शेवटचा निष्कर्ष बघतो आणि बऱ्याचदा तेवढंच बघतो. स्कॅन मागवताना त्याने फॉर्मवर काहीतरी विचारलेलं असतं, त्याचं उत्तर तिथे हवं.

म्हणून स्कॅन उघडण्याआधी फॉर्म वाचा. त्यावर नुसतं 'पोटदुखी' असेल तर वॉर्डात फोन लावा: दुखतंय कुठे, ताप आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का. हे न विचारता टेम्प्लेट भरलं, की पित्ताशय काढलेल्या पेशंटचंही 'गॉलब्लॅडर नॉर्मल' छापून जातं.

समजा, अपेंडिक्सची शंका आहे. 'उजव्या इलियाक फोसात दाहजन्य बदल, क्लिनिकली कोरिलेट करावे' (म्हणजे पोटात उजवीकडे खाली सूज आहे, लक्षणांशी तुम्हीच जुळवून बघा) असं लिहिलंत तर सर्जन जिथे होता तिथेच राहतो. त्याऐवजी असं लिहा: 'तीव्र अपेंडिसायटिस. व्यास 11 मिमी, बुडाशी 5 मिमीचा खडा. फुटल्याची चिन्हं नाहीत, गळू नाही.' शेवटची दोन नकारार्थी वाक्यं फार मोलाची, कारण पुढचा बेत त्यांवरच ठरतो. बाकी नॉर्मल अवयवांची यादी इम्प्रेशनमध्ये नको.

'क्लिनिकली कोरिलेट'चा मला मनापासून कंटाळा आहे. खात्री नसेल तर तसं सरळ लिहा. दोन शक्यता द्या, आधी जास्त संभवणारी, आणि कोणत्या तपासणीने उलगडा होईल तेही सांगा. सात-आठ निदानांची माळ लावली की वाचणाऱ्याला कळतं, आपण हात वर केलेत.

फॉलोअपचंही तसंच. 'लहान नोड्यूल (छोटी गाठ), फॉलोअप घ्यावा' म्हणजे कधी, कशाने? फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017च्या शिफारशींनुसार, फुफ्फुसात योगायोगाने सापडलेला 7 मिमीचा एकच सॉलिड नोड्यूल असेल तर 6 ते 12 महिन्यांनी सीटी. मात्र या शिफारशी 35 वर्षांखालच्यांना, कॅन्सरच्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटना लावायच्या नाहीत. मापासोबत सिरीज आणि इमेज नंबर लिहा. तुलना करताना मागचाच नव्हे, उपलब्ध असलेला सगळ्यात जुना स्कॅनही काढा. हळू वाढणारी गाठ लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये जैसे थे दिसते.

सही करण्याआधी डावं-उजवं इमेजशी ताडून बघा. डिक्टेशनमध्ये एक 'नो' गळला की अर्थ उलटा होतो.

टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा कोंडून हृदयावर दाब येणं) किंवा मेंदूतला ताजा रक्तस्राव दिसला तर टायपिंग राहू द्या, आधी फोन करा. कोणाशी बोललात आणि किती वाजता, हे मग रिपोर्टात नोंदवा.

आणि ज्या केसमध्ये अडखळलात त्यांचे नंबर टिपून ठेवा. काही दिवसांनी ऑपरेशन नोट्स आणि बायॉप्सी शोधून आपला रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. हे काम कोणी सांगत नाही, ड्युटीतही धरत नाहीत.