ईआरपी घेताय? आधी स्टोअरमध्ये बसा

भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचं काम करणाऱ्या एका युनिटमध्ये मी स्टोअर आणि हिशेब दोन्ही बघते. खाती टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, प्रॉडक्शन सुपरवायझरच्या वहीत आणि जॉबवर्कची (प्लेटिंग म्हणजे मुलामा देण्यासारख्या, बाहेरून करून घ्यायच्या कामाची) माल पाठवायची चलनं फायलीत. युनिट लहान असेपर्यंत हे निभतं. कामं वाढली आणि मालकांनी "प्लेटिंगला किती नग अडकलेत?" विचारल्यावर तिघांकडून तीन आकडे यायला लागले, की ईआरपीची, म्हणजे खरेदी, स्टॉक, प्रॉडक्शन आणि हिशेब एकाच जागी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, वेळ आली समजा. पण डेमो बघायच्या आधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची एकच यादी, करा. खरं काम तिथंच आहे.

एकच सळई पर्चेसच्या एक्सेलमध्ये 'ईएन-८ राउंड ४०', स्टोअरमध्ये '४० चा बार' आणि सप्लायरच्या बिलावर तिसऱ्याच नावानं असते. सॉफ्टवेअरला ते तीन वेगळे आयटम दिसतात. म्हणून एक माल, एक कोड, एक नाव, आणि त्याच ओळीत एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड.

मग एकक. बार येतो किलोवर, कापला जातो मिलिमीटरवर, विकला जातो नगावर. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, हे शॉपवर सगळ्यांना पाठ असतं. ४० चा बार मीटरला ९.८८ किलो भरतो. १२० मिमीचा तुकडा आणि कापणीचे ३ मिमी धरले तर नगाला १.२१५ किलो. बीओएममध्ये (एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत) हाच आकडा हवा. तयार नगाचं वजन टाकलंत तर चिप्समध्ये (मशीनवर निघणाऱ्या चुऱ्यात) गेलेला माल कागदावर शिल्लक दिसत राहतो.

आता डेमो. विक्रेत्याला त्याची स्लाइड बाजूला ठेवायला सांगा आणि तुमचा एक व्यवहार द्या: ५०० नग दोन चलनांवर प्लेटिंगला गेले, ३०० परत आले, त्यात १२ रिजेक्ट. कुठल्या चलनावर किती बाकी, ते दाखव. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच पुरवठा केला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. त्यामुळे चलननिहाय बाकी हवीच. "नंतर करून देऊ" असं उत्तर आलं तर ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) ईआरपीतूनच निघालं पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर एडिट लॉग (कुठली नोंद कधी, काय बदलली याचा आपोआप राहणारा माग) बंद करता येत नाही ना, हे सीएंना तपासायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. पण सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस यांचा खर्च येतोच. त्या माणसानं तुमच्यासारख्याच युनिटमध्ये काम केलंय का, ते तिथं जाऊन बघा. मी ब्रँडपेक्षा यालाच जास्त महत्त्व देते.

सुरुवात १ एप्रिलला करा, बिलांची मालिका तशीही नवी सुरू होते. ३१ मार्चला प्रत्यक्ष मोजणी, जॉबवर्करकडचा मालसुद्धा. नव्यात फक्त शिल्लक साठा, येणी-देणी आणि उघड्या ऑर्डरी आणा. जुने व्यवहार टॅलीत राहू द्या. स्टॉकची एक्सेल त्याच दिवशी लॉक करा, नाहीतर सगळे तिच्याकडेच वळतात. पहिला महिना रोज संध्याकाळी चार-पाच आयटम रॅकवर जाऊन मोजा आणि फरक निघाला तर घरी जायच्या आधी त्या आयटमची त्या दिवसाची चलनं काढून बघा.