बालवाडीतील मुलाची निरीक्षण-नोंद कशी ठेवावी

मुलाचे शरीर, मन, भाषा, बुद्धी आणि नाती यांचा विकास एकत्रच होत असतो, म्हणून मूल समग्रपणे पाहावे, हे बालशिक्षणाच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळते. परंतु पंचवीस मुलांच्या वर्गात, एक मूल रडत असताना आणि दुसऱ्याने पाण्याचे भांडे उपडे केलेले असताना हे पाहणे प्रत्यक्षात कसे जमवायचे, याचे उत्तर तेथे क्वचितच मिळते. अनेक वर्षे बालवाडी चालवल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की त्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे मुलासमोर बसून, त्याच दिवशी, हाताने लिहिलेली तीन-चार ओळींची नोंद.

साहित्य म्हणून दोनशे पानी वही पुरते; प्रत्येक मुलाला सहा पाने द्यावीत आणि प्रत्येक नोंदीवर तारीख व वेळ घालावी. ‘चांगले, मध्यम, सुधारणा आवश्यक’ असे रकाने असलेले छापील तक्ते कार्यालयाला हवे असतील तर भरून द्यावेत, पण त्यांना निरीक्षण समजू नये. महिनाअखेरीस एका बैठकीत पंचवीस मुलांच्या खुणा करणाऱ्या ताईला त्या मुलांची आठवण तेवढी असते, मुले समोर नसतात.

नोंदीसाठी मुक्त खेळाची वेळ निवडावी. त्या चाळीस मिनिटांत मदतनीस मावशींकडे वर्ग सोपवून रोज तीनच मुले पाहावीत, म्हणजे साधारण नऊ कामाच्या दिवसांत प्रत्येक मुलाची पाळी येते. या वेळेत शिकवू नये, सुचवू नये, मुलाचा मनोरा ढासळत असला तरी हात पुढे करू नये.

खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे काय लिहायचे. येथे मी स्वतः फार मोठी चूक केली आहे, म्हणून याविषयी सविस्तर लिहिते.

माझ्या वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. गोष्टीच्या वेळी ती खिडकीबाहेर पाहत असे, ‘चपला रांगेत ठेव’ म्हटले तर जागची हलत नसे, आणि दुसऱ्या दिवशी तेच काम न सांगता करीत असे. मी तिच्या पानावर लिहिले, ‘हट्टी आहे. मनात असेल तेव्हाच ऐकते.’ पुढच्या नोंदीतही तेच लिहिले, कारण एकदा शब्द ठरला की डोळे त्याचाच पुरावा शोधू लागतात. तीन महिन्यांनी मदतनीस मावशी म्हणाल्या, “ताई, ती पाठीमागून हाक मारली की वळतच नाही, समोरून बोललं की सगळं करते.” तपासणीत तिच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. या वयात सर्दीनंतर असे पुष्कळदा होते आणि त्यामुळे ऐकू येणे दिवसागणिक कमी-जास्त होते; म्हणूनच ते बाहेरून लहरीपणासारखे दिसते. त्या तीन महिन्यांत त्या मुलीला माझ्याकडून जे रागाचे शब्द ऐकावे लागले, ते आजही मला टोचतात.

मी कोठे उभी होते, काय म्हणाले आणि तिने काय केले, एवढेच लिहिले असते तर तीन-चार नोंदी शेजारी ठेवताच उत्तर दिसले असते. म्हणून नोंदीत विशेषण लिहू नये, क्रियापद लिहावे, हा नियम मी तेव्हापासून कटाक्षाने पाळते. हट्टी, लाजाळू, हुशार, मंद, गुणी हे सगळे शब्द वर्ज्य समजावेत. ‘हुशार’ हा शब्दसुद्धा घातक आहे, कारण तो लिहिल्यावर त्या मुलाकडे पाहणे थांबते. बांधकामावरच्या कुटुंबातील एका मुलाविषयी ‘बोलत नाही’ असे लिहून मोकळे होता आले असते. परंतु ‘सव्वादहा वाजता धाकट्या भावाशी गोरमाटीत सलग बोलला, मी जवळ जाताच थांबला’ असे लिहिल्यामुळे कळले की मुलाला त्याची भाषा, म्हणजे बंजारा समाजाची गोरमाटी, उत्तम येते, आमची भाषा त्याला नवीन आहे. पहिली नोंद त्याला उपचाराकडे ढकलणारी ठरली असती, तर दुसरीने मला त्याच्या बोलीतले दहा शब्द शिकायला लावले.

नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी. मी घरी जाऊन रात्री लिहून पाहिले आहे. रात्रीपर्यंत घटना निसटते आणि मत तेवढे उरते.

नऊ-दहा आठवड्यांत प्रत्येक मुलाच्या पाच-सहा नोंदी जमल्या की त्या एका बैठकीत वाचाव्यात. वाचताना पाच प्रश्न विचारावेत आणि त्यांचा क्रम मोडू नये: पोट व झोप, कान व डोळे, हातपाय, भाषा, आणि शेवटी मन व नाती. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांची, म्हणजे माणसाच्या घडणीतील पाच थरांची, जी मांडणी आहे, तिचीही सुरुवात अन्नमय कोशापासून, म्हणजे शरीरापासून होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केल्यावर, मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून, शाळाच वस्तीवरच्या अंगणात नेली, आणि मुलांची स्वच्छता व आरोग्य हा तेथील शिक्षणाचाच भाग मानला. मूल का शिकत नाही, याचे उत्तर आधी शरीरात शोधावे, कारण मनाचे दोष दाखवणे मोठ्यांना फार सोपे जाते.

शंका आली तर बालवाडीने निदान करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, तेव्हा ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. खाजगी बालवाडी असेल तर पालकांसह जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे.

त्यानंतर मुलाच्या दिवसात एकच बदल करावा आणि पुढच्या दोन पाळ्या तो पाहावा. खडू धरताना बोटे लवकर थकणाऱ्या मुलाला रेघोट्यांची आणखी पाने देणे हा सर्वांत वाईट सल्ला आहे. त्याला कणीक मळू द्यावी, ओला फडका पिळू द्यावा, शेंगा सोलू द्याव्यात आणि झाडावर चढू द्यावे, कारण बोटांचे बळ खांद्यापासून उतरते.

पालकांना नोंद वाचून दाखवावी, तिचा अर्थ सांगू नये. “बुधवारी त्याने डब्यातले काही खाल्ले नाही आणि खेळात दोनदा मारले,” एवढे ऐकल्यावर “मंगळवारी रात्रभर घरी पाहुणे होते, हा झोपलाच नाही,” हे आई आपणहून सांगते. तिचे वाक्यही तारखेसह वहीत लिहावे.

मूल पहिलीत जाताना त्याची पाने सोडवून, पालकांच्या संमतीने, नव्या शाळेतील बाईंच्या हातात प्रत्यक्ष द्यावीत. टपालाने पाठवू नयेत.