वर्गाचा ब्लॉग चालवायचा असेल तर आधी प्रतिसादांची घडी बसवा

ब्लॉग कसा उघडायचा हे सांगण्यात मी जागा घालवत नाही; ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर ते काम अर्ध्या तासात होते. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली चालू असेल तर टिपा, चाचण्या आणि गुण तिथेच राहू द्यावेत. वर्गाचा ब्लॉग विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी असतो. त्यावर 'रोज काहीतरी टाकत राहा' हा कार्यशाळांमधून हमखास मिळणारा सल्ला मनावर घेऊ नये. सत्रभरात प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन लेख पुरेसे आहेत, मात्र ते दुरुस्त होऊन पुन्हा लिहिले गेले पाहिजेत.

ब्लॉगरवर एका ब्लॉगला शंभरपर्यंत लेखक जोडता येतात, त्यामुळे वर्ग सहज मावतो. पहिल्या सत्रात ब्लॉग खासगीच ठेवावा. पहिल्या वर्षाच्या वर्गात अठरा पूर्ण न झालेली मुले असतात आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्यांना बालक मानले आहे. त्यांचे पूर्ण नाव, हजेरी क्रमांक किंवा फोन क्रमांक ब्लॉगवर कुठेही येऊ देऊ नये. टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे. छायाचित्रे विद्यार्थ्याने स्वतः काढलेली असावीत. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतल्यास छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना खाली लिहावा.

विषय देताना मात्र थोडा विचार करावा. 'गोव्यातील खाजन शेती' (म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतली शेती) असा विषय दिला की आंतरजालावरचा मजकूर जसाच्या तसा परत येतो. त्याऐवजी 'तुमच्या गावच्या मानशीवर भरती-ओहोटीच्या वेळी उभे राहून काय दिसते ते लिहा' असे सांगावे; मानशी म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार. सत्तरी या समुद्रापासून दूरच्या तालुक्यातल्या विद्यार्थ्याला खाजन जवळ नसते. त्याला कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पाटाविषयी लिहायला सांगावे. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचे कोंकणी शब्द मराठी लेखात तसेच राहू द्यावेत.

आता खरी अडचण. लेख प्रसिद्ध झाला की त्याखाली 'छान', 'खूप माहितीपूर्ण', 'असेच लिहीत राहा' अशी रांग लागते आणि शिकणे तिथेच थांबते. यावर उपाय म्हणून अनेकजण प्रतिसादांना गुण देतात. माझा याला ठाम विरोध आहे, कारण संख्येला गुण मिळू लागले की 'छान'चीच संख्या वाढते. या पायरीवर मीही बराच काळ अडखळलो आणि शेवटी ज्या पद्धतीवर स्थिरावलो ती अशी आहे.

वर्गाचे चार-चार जणांचे गट करावेत आणि सत्रभर ते बदलू नयेत, कारण मित्राला अडचणीचा प्रश्न विचारण्याइतका विश्वास जमायला वेळ लागतो. प्रतिसाद देणाऱ्याने लेखातले एक वाक्य जसेच्या तसे उचलावे आणि त्यावर असा एकच प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर देण्यासाठी लेखकाला पुन्हा त्या जागी किंवा त्या माणसाकडे जावे लागेल. एका विद्यार्थिनीने 'मानशीमुळे खारे पाणी शेतात शिरत नाही' असे लिहिले होते. गटातल्या मुलाने विचारले, 'भरतीच्या वेळी दारे लावायला कोण जाते?' ती पुन्हा मानशीवर गेली आणि तिने लिहिले की दारे लावायला कोणीच जात नाही; भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. माणूस येतो तो ओहोटीच्या प्रवाहात जाळे लावून मासे धरायला, आणि तो हक्क लिलावाने दिला जातो. लेखाचा सगळा दुसरा भाग त्या एका प्रश्नातून आला.

शिक्षकाने आपला प्रतिसाद सर्वांत शेवटी द्यावा. आपण आधी लिहिले की विद्यार्थी आपल्याच मताला दुजोरा देतात किंवा गप्प बसतात, आणि हा मोह आवरणे मला वाटले होते त्याहून कठीण गेले. चार दिवस थांबावे, एखादा चुकीचा तपशील तोवर दिसत राहिला तरी थांबावे. गटातले कोणीतरी बहुधा तो पकडते. अपवाद फक्त कोणाच्या जातीवर, धर्मावर किंवा घरावर घसरलेल्या मजकुराचा. तो दिसू नये म्हणून प्रतिसाद तपासूनच प्रसिद्ध होतील अशी सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी.

गुण दुरुस्त लेखाला द्यावेत. पहिला खर्डा गूगल डॉक्समध्ये लिहून घेतला तर आवृत्त्यांच्या इतिहासात कोणते वाक्य केव्हा बदलले ते दिसते आणि प्रश्नाचा लेखावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याला दाखवता येते. जुन्या संदर्भांसाठी त्यांना पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पाठवावे.

सत्र संपले की ब्लॉगची संपूर्ण प्रत उतरवून विभागाच्या संगणकावर ठेवावी. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते, शिवाय विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालयाने दिलेली खातीही अनेकदा बंद होतात.