अधिवेशनाला माणसं पाठवताय? मग परतल्यानंतरचे पंधरा दिवस आधी ठरवा

इंदूरच्या मराठी मंडळांना कार्यक्रम भरवायला शिकवायची गरज नाही. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं या शहरात झाली. 2023 च्या जानेवारीत प्रवासी भारतीय दिवसाला आलेल्या पाहुण्यांना इथल्या कुटुंबांनी घरी उतरवून घेतलं. मांडव, पंगती, पाहुण्यांची ने-आण हे सगळं आपल्या हातचं आहे. घोडं अडतं ते आपली माणसं बाहेर जातात तेव्हा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन असो, रोटरी-लायन्सची परिषद असो, कुठलं नेतृत्व शिबिर असो; मंडळी गळ्यात बिल्ला आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून परततात, आणि सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात काडीचाही फरक पडत नाही. तो पडावा असं वाटत असेल तर पुढे वाचा.

कोणाला पाठवायचं

अध्यक्षांना नको. ते तिथेही पहिल्या रांगेत बसतील, हार घेतील आणि फोटो पाठवतील. जी बाई वर्गणीला दारोदार फिरते, जिला कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे ठाऊक असतं, तिला पाठवा. सोबत एक तरुण द्या. जोडी हवीच, कारण एकट्या माणसाचा उत्साह परतीच्या गाडीतच ओसरतो. भाडं मंडळानं द्यावं आणि तसा ठराव कार्यकारिणीत लिहून घ्यावा. मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी असेल तर वार्षिक हिशोब द्यावाच लागतो.

जाताना काय न्यायचं

एक प्रश्न, कागदावर लिहून. ‘समाज एकत्र कसा आणावा’ हा प्रश्न नाही, तो भाषणाचा विषय आहे. प्रश्न असा असावा: आमच्या गल्लीतली मुलं पुण्या-बंगळूरला आहेत, आईवडील इथे एकटे आहेत, रोज सकाळी त्यांची खबर कोण घेणार? हेच उदाहरण पुढे धरते, कारण आपल्या जुन्या कॉलन्यांमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे.

तिथे गेल्यावर

उद्घाटनाची भाषणं ऐका, किंवा नका ऐकू. ज्यांनी हे काम खरोखर केलंय अशा माणसाला शोधा आणि चहाच्या रांगेत गाठा. यशाची गोष्ट तो आपणहून सांगेल, ती झाली की विचारा: सुरुवातीला किती जण होते, आज किती उरले? पैसे कोणी घातले? भांडण कशावरून झालं? काय बंद करावं लागलं? शेवटच्या प्रश्नावर माणूस थोडा थांबतो. त्याला थांबू द्या, कामाचं उत्तर त्यानंतरच येतं.

जमलं तर दुपारचं एखादं सत्र सोडून त्या गावातलं काम डोळ्यांनी बघून या. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वर्षं पहिलं आल्यामुळे आपल्याकडेही बाहेरगावचे लोक बघायला येतात. त्यातले जे सकाळी कचरागाडीमागे दोन गल्ल्या चालतात त्यांना ओला-सुका कचरा दारातच वेगळा का होतो ते कळतं. बाकीचे पडद्यावरचे आकडे उतरवून घेतात.

परतल्यानंतरचे पंधरा दिवस

खरी गोम इथे आहे. आमचंही घोडं बरीच वर्षं याच ठिकाणी पेंड खात होतं.

पहिली गोष्ट, वृत्तांताचा कार्यक्रम ठेवू नका. हॉल, शाल-श्रीफळ, पडद्यावर फोटो, ‘अत्यंत प्रेरणादायी अनुभव’, मग टाळ्या आणि अल्पोपाहार. त्या संध्याकाळनंतर काम झालंच असं सगळ्यांना वाटू लागतं, आणि विषय तिथेच संपतो.

दुसरी, समिती नेमू नका. एका मंडळात पहिला फोन जाण्याआधी लेटरहेड छापून आलं होतं. सहसचिव कोण यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं आणि एकाही आजोबांना फोन गेला नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपही लगेच नको. सुप्रभातच्या फुलांखाली कामाचा निरोप दिसत नाही.

त्याऐवजी चार दिवसांच्या आत एका घरी बैठक घ्या, तीही पदाधिकाऱ्याच्या घरी नको. सकाळी पोहे-जिलेबी ठेवा, माणसं येतात. आठ-दहा जण पुरे, पण त्यांत स्वतः एकटे राहणारे दोघं-तिघं हवेत, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला हवा आणि शेजारचं सिंधी किंवा माळवी कुटुंबही हवं. यावर मी अडून बसते. आजींच्या घराची दुसरी किल्ली बहुतेक वेळा त्या शेजाऱ्याकडेच असते. ‘मराठी मंडळाचा उपक्रम’ अशी पाटी लावलीत की तो बिचारा संकोचानं बाजूला होतो. म्हणून काम रहवासी संघाच्या नावानं करा, मंडळाचं नाव नसलं तरी काही बिघडत नाही.

बैठकीतून उठताना एक गल्ली, एक वही आणि एक तारीख ठरलेली हवी. संपूर्ण कॉलनी नको. वहीत प्रत्येक घराला एक पान: नाव, डॉक्टरांचा नंबर, किल्ली कोणाकडे, मुलाचा किंवा मुलीचा फोन, आणि परदेशात असतील तर तिथे रात्र कधी असते तेही. सकाळी नऊच्या आत फोन करायचा. दोनदा उचलला नाही तर शेजाऱ्यानं बेल वाजवायची, तरी उत्तर नाही तर किल्ली. एवढंच. मात्र फोन करणाऱ्या काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या की कोण करणार, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. असली कामं वाईट हेतूनं बुडत नाहीत, बाळंतपणानं आणि लग्नसराईनं बुडतात.

आता सगळ्यात अवघड भाग. आपली पेन्शनर मंडळी मानी असतात. ‘आम्हाला कोणाची गरज नाही’ असं म्हणून दार लावून घेतात. त्यांच्यापुढे ‘लाभार्थी’ हा शब्द चुकूनही काढू नका. माझा ठाम अनुभव असा, की जे सर स्वतःला फोन येऊ देत नाहीत ते दुसऱ्यांना फोन करायला आनंदानं तयार होतात. ‘सर, तुमचा आवाज खणखणीत आहे, या पाच घरांची हजेरी तुम्ही घ्या,’ म्हणा. सरांचा फोन नऊपर्यंत आला नाही की त्या पाच घरांपैकी कोणीतरी विचारतंच. त्यांची खबर अशी आपोआप घेतली जाते आणि मानही राहतो. गल्लीत काय कमी आहे याची यादी करण्याआधी कोणाला काय येतं याची करा, हे शिबिरांत हल्ली सगळे सांगतात. पण ते दारात उभं राहून कसं म्हणायचं ते कोणी सांगत नाही.

तारीख ठरवताना सणवार बघा. गणपती बसल्यापासून दिवाळीपर्यंत नवीन काही सुरू करू नका. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला रात्रभर जागलेला कार्यकर्ता सकाळी नऊला फोन करणार नाही. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, आठवडाही सोडा.

किरकोळ कामं

गल्लीतला दिवा बंद असेल तर आधी महापालिकेच्या इंदूर 311 अॅपवर तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर घेऊनच पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) जा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

तीन महिन्यांनी

अधिवेशनात भेटलेल्या त्या माणसाला फोन करा आणि काय जमलं नाही ते आधी सांगा. तो नुसतं कौतुक करून गप्प बसणार नाही, उपाय सांगेल. दुसरी गल्ली त्यानंतर घ्या, आणि तिची वही त्याच गल्लीतल्या कोणाकडे तरी द्या, तुमच्याकडे नको. पुढच्या अधिवेशनाला नवी जोडी जाईल. जुनीनं हट्ट धरला तर स्वखर्चानं जाऊ द्या.